टोकाला टोक: शेवरॉन फरशी घरात कशी बसते

दिवाळीत शंकरपाळे करताना लाटलेल्या पोळीवर आधी उभ्या पट्ट्या पाडतात आणि मग त्या पट्ट्यांवर कातण तिरकं फिरवतात. दोन लांब कडा एकमेकींना समांतर, दोन तिरकी टोकंही एकमेकांना समांतर. हा आकार आणखी लांबवला की शेवरॉनची टाइल होते. पोळीच्या कडेला तिकोनी तुकडे उरतात, तसे ते इथेही उरतात आणि त्यांचा हिशोब आधीच करावा लागतो.

एक फरक मात्र आहे, आणि या कामातली निम्मी डोकेदुखी त्यातून येते. शंकरपाळा उलटा केला की त्याचा कल बदलतो. उजवीकडे झुकलेला डावीकडे झुकतो. टाइल उलटता येत नाही, कारण तिचा चेहरा एकच असतो. झिलई वरच्या बाजूला, खाली खडबडीत पाठ. जमिनीवरच्या जमिनीवर ती अर्धा फेरा फिरवली तर ती पुन्हा पहिल्यासारखीच दिसते, कल बदलत नाही. म्हणून शेवरॉनसाठी दोन प्रकारच्या टाइल्स लागतात, एक डावी आणि एक उजवी, चपलांच्या जोडीसारख्या.

आमच्या स्वयंपाकघराच्या कामात मला हे माहीत नव्हतं. खोकी आली, मिस्त्रींनी दोन टाइल्स शेजारी ठेवल्या. दोन्ही एकाच बाजूला कललेल्या. एक फिरवून पाहिली, तरी तेच. तिसरं खोकं फोडल्यावर ते म्हणाले, “ताई, या सगळ्या डाव्याच आल्यात.” ऑर्डर देताना मी फक्त चौरस फूट सांगितले होते आणि दुकानानेही विचारलं नव्हतं. आठ दिवस काम थांबलं. तेव्हापासून कोणी शेवरॉनचं नाव काढलं की मी पहिला प्रश्न हाच विचारते: निम्म्या डाव्या, निम्म्या उजव्या असं बिलावर लिहून घेतलंत का?

‘शेवरॉन’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ छपराचा वासा. कौलारू घरात आढ्याच्या दोन्ही बाजूंनी वासे उतरतात आणि माथ्यावर एकमेकांना भेटतात, ती ही आकृती. आपल्याला ती रोज कुठे ना कुठे दिसते. लान्स नाईकच्या बाहीवर एक फीत, नाईकच्या दोन, हवालदाराच्या तीन; त्या फिती म्हणजे शेवरॉनच. घाटातल्या वळणावर गाडीच्या दिव्यात चमकणारे बाणांचे फलक, तेही शेवरॉन. इंग्लंडमधल्या डरहॅम कॅथेड्रलचं बांधकाम १०९३ साली सुरू झालं. त्याच्या जाडजूड दगडी खांबांवर ही नागमोड कोरलेली आहे. घरातल्या जमिनीवर ती रुजली मुख्यतः फ्रान्समध्ये, लाकडात. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये जे मोठे रस्ते आणि त्यांच्या कडेच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्या दिवाणखान्यांत ओकच्या पट्ट्या अशा टोकाला टोक भिडवून बसवलेल्या असत. आजची लाकडासारखी दिसणारी शेवरॉन टाइल त्या जमिनीची नात म्हणता येईल.

दुकानात मात्र शेवरॉन आणि हेरिंगबोन ही नावं एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात, आणि तिथे गफलत होते. हेरिंगबोन म्हणजे माशाचा काटा. बांगडा सोलून मधला काटा काढला की त्याला दोन्हीकडे जसे बारीक काटे असतात, तशी ती मांडणी. तिची टाइल साधी आयताकृती, चारही कोपरे काटकोनात. एका टाइलचं टोक दुसरीच्या कुशीला टेकतं, त्यामुळे नागमोड पायऱ्यापायऱ्यांनी सरकते. डावी-उजवी असा भेद तिथे नाही. शेवरॉनमध्ये टोकाला टोक भिडतं. त्यामुळे जिथे टोकं भेटतात तिथे एक सरळ रेघ तयार होते, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अखंड. तुम्हाला हवी ती नक्षी कुठली हे नावावरून ठरवू नका. टाइल हातात घ्या आणि टोक पाहा. तिरकं कापलेलं असेल तर शेवरॉन.

ही सरळ रेघ शेवरॉनचं सगळं सौंदर्य आहे आणि तीच तिची कसोटी. हेरिंगबोनमध्ये दोन सूत इकडेतिकडे झालं तर डोळा माफ करतो, कारण त्याला धरून चालायला लांब रेघच नसते. शेवरॉनमध्ये दारात उभं राहिलं की नजर त्या रेघेवरून थेट समोरच्या भिंतीपर्यंत धावते. मध्ये एक टोक जरी घसरलं तरी ठेच लागल्यासारखं वाटतं. म्हणून या फरशीचं काम टाइल निवडण्यापासून सुरू होत नाही, खोली मोजण्यापासून होतं.

आता थोडं गणित. ते कंटाळवाणं नाही, आणि ते एकदा समजलं की मिस्त्रींशी बोलणं फार सोपं जातं.

समजा टाइलची लांब कड ५०० मिलिमीटर आहे, रुंदी १०० मिलिमीटर आणि टोकं ४५ अंशांत कापलेली आहेत. ती जमिनीवर तिरकी बसते, तिची कापलेली टोकं मात्र उभ्या रेषेत येतात. एकाखाली एक अशा टाइल्स लावत गेलं की एक उभा पट्टा तयार होतो. त्याची रुंदी ५०० नसते; तिरकेपणामुळे ती ३५४ मिलिमीटर भरते, म्हणजे सुमारे १४ इंच. कापलेल्या टोकाची लांबी १४१ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच इंचांच्या आसपास. डाव्या टाइल्सचा एक पट्टा, शेजारी उजव्यांचा एक, पुन्हा डाव्यांचा, अशी खोली भरते. दोन पट्टे मिळून एक वासाजोडी.

टोकाचा कोन बदलला की स्वभाव बदलतो. ४५ अंशांच्या दोन टाइल्स भेटल्या की काटकोनातला बाण होतो, रेखीव आणि ठाम. ६० अंशांच्या टाइल्सचा बाण १२० अंशांचा, पसरट आणि शांत. मला घरासाठी ६० अंशांची अधिक आवडते. दिसायला तर ती सौम्य असतेच, शिवाय तिचं टोक दणकट असतं. ४५ अंशांचं निमुळतं टोक खोक्यातून काढताना, कापताना, अगदी ठोकून बसवतानाही उडतं.

लाकडी पट्ट्यांसारख्या साध्या आयताकृती टाइल्स आणून जागेवर शेवरॉन कापता येते का? येते, पण शंकरपाळ्यांच्या पोळीचा नियम लागू होतो. ६०० बाय १०० मिलिमीटरच्या पट्टीची दोन्ही टोकं ४५ अंशांत कापली तर दोन त्रिकोण वाया जातात आणि ते मिळून पट्टीचा सहावा हिस्सा होतात. तीच पट्टी १२०० मिलिमीटर लांब असली आणि तिच्यातून दोन टाइल्स काढल्या तर मधला काप दोघींना कामी येतो आणि तूट निम्म्यावर, बाराव्या हिश्श्यावर येते. पोळी जितकी लांब तितकं कातरण कमी. मात्र कापायला पाण्यावर चालणारं डायमंड ब्लेडचं यंत्र हवं आणि कोन पक्का धरणारा आधार हवा. हातातल्या कोरड्या ग्राइंडरने कापलं की कडेची झिलई खवले उडाल्यासारखी निघते, आणि शेवरॉनमध्ये ती कड लपवायला जागाच नाही. दीडशे-दोनशे काप एकसारखे हवे असतील तर कारखान्यात कापलेली टाइल महाग वाटली तरी घ्यावी, असं माझं मत आहे.

किती टाइल्स लागतील? १० बाय १२ फुटांची खोली म्हणजे १२० चौरस फूट, सुमारे ११.१५ चौरस मीटर. आपल्या उदाहरणातल्या एका टाइलचं क्षेत्रफळ ०.०५ चौरस मीटर. भागाकार केला की २२३ टाइल्स. सरळ मांडणीला पाच ते दहा टक्के जादा पुरतात; शेवरॉनला भिंतीलगतच्या प्रत्येक ओळीत तिरका तुकडा कापावा लागतो, म्हणून किमान १५ टक्के धरायचे. हिशोब २५७ च्या घरात जातो. १३० डाव्या आणि १३० उजव्या मागवा. सगळ्या एकाच बॅचच्या, खोक्यावरचा शेड आणि कॅलिबरचा आकडा एकच. शेड म्हणजे रंगाची छटा, कॅलिबर म्हणजे भाजून झाल्यावर भरलेलं नेमकं माप. भट्टीतून निघालेल्या सगळ्या टाइल्स तंतोतंत सारख्या नसतात, म्हणून कारखान्यात त्यांची मापाप्रमाणे वर्गवारी होते. कडा घासून माप पक्कं केलेल्या टाइलला रेक्टिफाइड म्हणतात. शेवरॉनसाठी तीच घ्यावी.

कॅलिबरवर मी इतका जोर का देते, ते पाहा. समजा डाव्या टाइल्सची रुंदी बरोबर १०० मिलिमीटर आहे आणि उजव्या वेगळ्या बॅचच्या, १०० आणि वर अर्धा मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर हातात जाणवतसुद्धा नाही. पण तिरकेपणामुळे टोकाच्या उभ्या रेषेवर तो ०.७ मिलिमीटर होतो. दुसऱ्या टाइलला तो दुप्पट, तिसऱ्या टाइलला तिप्पट. विसाव्या ओळीला उजवा पट्टा डाव्याच्या १४ मिलिमीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे अर्ध्या इंचाहून जास्त. वासे आढ्यावर भेटायचे सोडून एकमेकांना चुकवून जातात. मिस्त्रींचा हात कितीही सरळ असला तरी ही चूक हाताने दुरुस्त होत नाही. म्हणून खोकी आली की दोन्ही प्रकारच्या दहा-दहा टाइल्स एकमेकींवर रचायच्या आणि कडेवरून बोट फिरवायचं. दहा मिनिटांचं काम आहे.

आता खोलीत जाऊ. खोलीच्या भिंती एकमेकींना काटकोनात आहेत असं कधीच गृहीत धरायचं नाही. जुन्या चाळीत, वाड्यात तर नाहीच, पण नव्या टॉवरमध्येही एका टोकाला खोली १० फूट आणि दुसऱ्या टोकाला १० फूट १ इंच निघते. गुण्या लहान असतो, त्याने फूट-दीड फुटापुरतंच कळतं. मोठा काटकोन तपासायला जुनी युक्ती आहे: कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर खूण, दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांवर खूण, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट भरलं तर कोपरा काटकोनात. खोली मोठी असेल तर ६, ८ आणि १० फूट घ्या.

भिंत वाकडी निघाली तर काय करायचं? भिंतीला धरून कामच सुरू करायचं नाही. खोलीच्या मधोमध, किंवा दारात उभं राहिल्यावर नजर जिथून जाते तिथून, एक रेघ मारायची. गेरू किंवा नीळ लावलेली दोरी दोघांनी दोन टोकांना ताणून धरायची आणि मधून झटकायची. ही रेघ म्हणजे आपलं आढं. पुढचं सगळं हिच्यावरून मोजायचं, आणि भिंतीचा वाकडेपणा कडेच्या तुकड्यांवर ढकलायचा.

आपल्या १० फुटी रुंदीत, म्हणजे ३०४८ मिलिमीटरमध्ये, किती पट्टे बसतील? पट्टा ३५४ आणि सांधा ३, मिळून ३५७. आठ पट्टे २८५६ घेतात आणि १९२ मिलिमीटर उरतात, दोन्ही भिंतींशी प्रत्येकी पावणेचार इंच. तिथे नऊ-दहा सेंटिमीटरचे तिरके तुकडे लावले तर डोळ्याला कातरकाम जाणवतं. दुसरा मार्ग म्हणजे मधली रेघ पट्ट्याच्या पोटातून न्यायची. मग पूर्ण पट्टे सात आणि कडेला जवळजवळ ११ इंचांचे तुकडे. तुकडे मोठे मिळतात, पण तोल जातो. डाव्या भिंतीशी वासा चढत असतो तेव्हा उजव्या भिंतीशी उतरत असतो, आणि खोली किंचित फिरल्यासारखी वाटते. शेवरॉन आरशासारखी सारखी दिसते ती फक्त टोकांच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना. म्हणून मी पहिला मार्ग घेईन, आठ पट्टे, आणि उरलेल्या पावणेचार इंचांत तुकडे न लावता काठ देईन.

काठ म्हणजे साडीला असतो तसाच. त्याच टाइलच्या किंवा थोड्या गडद रंगाच्या सरळ पट्ट्या भिंतीच्या कडेने चारही बाजूंना. त्याने तिरकी कापलेली टोकं एका सरळ चौकटीत बंद होतात, भिंतीचा वाकडेपणा काठात मुरतो, आणि अंगभर नक्षी असलेल्या जमिनीला शेवट मिळतो. काठ नसलेली शेवरॉन फरशी मला नेहमी थानातून फाडून आणलेल्या कापडासारखी वाटते.

बोळासारख्या अरुंद जागेत पट्ट्यांची संख्या सम असावी. साडेतीन फुटी पॅसेजमध्ये ३५४ मिलिमीटरचे जेमतेम तीन पट्टे बसतात, ते विषम. तिथे लहान टाइल निवडून चार पट्टे बसवले तर आढ्याची रेघ बरोबर मधून जाते आणि चालताना दोन्ही बाजूंना तीच नक्षी राहते.

खालचा थर. आपल्याकडे फरशी वाळू-सिमेंटच्या ओल्या थरावर, वर सिमेंटचं पाणी ओतून, थापीच्या मुठीने ठोकून बसवायची पद्धत आहे. शहाबादी किंवा मोठ्या जाड फरशीला ती चालते, कारण फरशीचं वजन तिला जागेवर धरून ठेवतं. शेवरॉनची अरुंद पट्टी त्या ओल्या थरावर होडीसारखी तरंगते. एक टोक दाबलं की दुसरं उचलतं. शिवाय विट्रिफाइड टाइल पाणी जवळपास शोषतच नाही, अर्धा टक्का किंवा त्याहून कमी, त्यामुळे साध्या सिमेंटला तिच्या पाठीत शिरून घट्ट धरायला वाव मिळत नाही. म्हणून आधी कोबा करायचा, तो सुकू द्यायचा, आणि त्यावर टाइल ॲडहेसिव्हने काम करायचं. पिशवीवर आयएस १५४७७ हे भारतीय मानक आणि त्याखालचा टाइप पाहून घ्या. विट्रिफाइड टाइलसाठी टाइप २ किंवा त्यावरचा लागतो.

कोबा सपाट हवा. दोन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी कुठेही आडवी-उभी ठेवली तर खाली एक सुतापेक्षा, म्हणजे ३ मिलिमीटरपेक्षा, जास्त फट दिसू नये. उंचवटे घासून काढायचे, खळगे आदल्या दिवशी भरून घ्यायचे. ॲडहेसिव्हचा थर जाड करून खळगा भरायचा मोह मिस्त्रींना होतो. तो थर सुकताना आक्रसतो आणि टाइलचं टोक खाली ओढतो. शेवरॉनमध्ये चार टोकं जवळजवळ येतात, तेव्हा एक खाली गेलं तर अनवाणी पायाला लगेच कळतं.

ॲडहेसिव्ह दात्यांच्या थापीने एकाच दिशेत ओढायचं आणि टाइलच्या पाठीलाही पातळ हात द्यायचा. पाठीचा हात टोकांपर्यंत गेला पाहिजे. निमुळत्या टोकाखाली पोकळी राहिली की वर खुर्चीचा पाय किंवा पडलेला बत्ता यायची वाट पाहायची, टोक उडतंच. दुसऱ्या दिवशी नाण्याने किंवा लाकडाच्या मुठीने प्रत्येक टाइल वाजवून पाहा. ठक् असा बंद आवाज आला तर ठीक, ढब् असा पोकळ आला तर ती टाइल तेव्हाच काढून पुन्हा बसवायची. सांधे भरल्यावर ते कठीण होतं.

प्रत्यक्ष मांडणीआधी एक दिवस कोरडी मांडणी करा. ॲडहेसिव्ह न लावता, आढ्याच्या रेघेवर पाच-सहा जोड्या स्पेसर घालून नुसत्या ठेवायच्या. दारात उभं राहून पाहायचं, खिडकीपाशी जाऊन पाहायचं. बाणाचं टोक दाराकडे की आत, हे याच वेळी ठरवा. टोक आत असेल तर खोली पाहुण्याला आत बोलावते. दाराकडे असेल तर आत शिरताना नजर अडते. उंबरठ्यावर टोक अर्धं कापलं जाणार असेल तर सगळी मांडणी दोन-चार इंच सरकवायला हीच शेवटची संधी.

मग पहिला पट्टा. आढ्याच्या रेघेलगत एक सरळ ॲल्युमिनियमची पट्टी जमिनीवर पक्की करायची, तिला टेकवून डाव्यांचा पूर्ण पट्टा बसवायचा आणि तो धरला की पट्टी काढून उजव्यांचा पट्टा टोकाला टोक लावत आणायचा. दर पाच ओळींनंतर दोरी आडवी ताणून टोकं एका पातळीत आहेत का ते पाहायचं. एखादा मिलिमीटर घसरला असेल तर तेव्हाच सांध्यात वाटून घ्यायचा. लेव्हलिंग क्लिप्स लांब कडांना उपयोगी पडतात. अगदी टोकाशी त्या लावू नयेत, काढताना टोक तुटतं. भिंतीपाशी पाच-सहा मिलिमीटर जागा सोडायची, ती पुढे स्कर्टिंगखाली जाते. उन्हातान्हात फरशी थोडी फुगते-आक्रसते, तिला तेवढा श्वास लागतो.

सांधे एक सुताचे. सांधा बंद करून टाइलला टाइल चिकटवायचा आग्रह अनेक घरमालक धरतात, तो इथे अजिबात नको. मापातला बारीक फरक सामावून घेणारी ती एकमेव जागा आहे. आणि लक्षात ठेवा, तिरक्या सांध्याचे ३ मिलिमीटर टोकांच्या उभ्या रेषेवर सव्वाचार भरतात. ओळी मोजताना ते धरले नाहीत तर खोलीच्या शेवटी हिशोब सुमारे चार इंचांनी चुकतो.

किमान चोवीस तासांनी सांध्यांत भरायचं ते ग्राउट. आणि इथे रंगाचा प्रश्न येतो, जो टाइलच्या रंगाइतकाच मोठा आहे. टाइल एकरंगी, सपाट आणि मॅट असेल तर शेवरॉन दिसते ती फक्त सांध्यांमुळे. पांढऱ्या टाइलमध्ये पांढरं ग्राउट भरलं की नक्षी दोन हातांवरून पुसट होते; राखाडी भरलं की प्रत्येक वासा वेगळा दिसतो; काळं भरलं तर जमीन जाळीसारखी होते. मोठ्या जमिनीसाठी टाइलपेक्षा एकदोन छटा गडद ग्राउट मला सगळ्यात शहाणं वाटतं. मळ दिसत नाही आणि नक्षी ओरडतही नाही.

लाकडी रेषांची किंवा तकाकीची टाइल असेल तर ग्राउटवर इतकं अवलंबून राहावं लागत नाही, कारण तिथे उजेड काम करतो. डाव्या टाइलची रेष एका दिशेला, उजवीची दुसऱ्या. खिडकीतून तिरपा उजेड आला की एक पट्टा उजळतो आणि शेजारचा मंद होतो. चार पावलं चालून उलट बाजूला गेलं की उजळलेला पट्टा मंदावतो. गवताच्या कुरणावरून वारा गेल्यावर जे दिसतं, ते जमिनीवर दिसतं. रंग एकच असून दोन रंग दिसणं हा शेवरॉनचा सगळ्यात सुंदर गुण आहे आणि तो दुकानातल्या ट्यूबलाइटखाली मुळीच कळत नाही. दोन टाइल्स घरी आणा, एक डावी एक उजवी, आणि ज्या खोलीत लावायच्या तिथे सकाळी आणि संध्याकाळी जमिनीवर ठेवून पाहा.

स्वयंपाकघरात ओट्यामागच्या डॅडोला शेवरॉन फार छान बसते. जागा छोटी, उंची दोनेक फूट, आणि काम डोळ्यासमोर. इथे टाइल वीतभर लांबीची पुरते आणि बाणाचं टोक वर ठेवलं की भिंत उंच वाटते. आढ्याची रेघ गॅसच्या मध्यावर किंवा खिडकीच्या मध्यावर घ्या. नळाच्या मध्यावर घेऊ नका, नळ कधीतरी बदलतो आणि जागा सरकते. स्विचबोर्ड कुठे येतो ते आधी आखून घ्या. साध्या सिमेंटी ग्राउटवर हळद आणि फोडणीचं तेल कायमचं बसतं, म्हणून ओट्यामागे इपॉक्सी ग्राउट लावा. ते महाग आहे आणि लवकर घट्ट होतं, त्यामुळे थोडं थोडं कालवून काम करणारा माणूस हवा. जाळीवर चिकटवलेल्या संगमरवरी शेवरॉन पट्ट्याही मिळतात. दिसायला त्या देखण्या असतात, पण कोकम, चिंच, लिंबू ज्या घरात रोज लागतं तिथे ओट्यामागे संगमरवर नको. आम्लाने त्याची चकाकी जिथल्या तिथे खाल्ली जाते आणि ते डाग पुसून जात नाहीत, दगड पुन्हा घासावा लागतो.

न्हाणीघरात भिंतीवर जरूर लावा, जमिनीवर विचार करून. जमिनीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार लागतो, मीटरला साधारण १० मिलिमीटर. मधल्या जाळीकडे चारही बाजूंनी उतार असेल तर लांब टाइल त्याच्यावर वाकत नाही आणि टोकं वरखाली होतात. एका भिंतीशी लांबट जाळी आणि एकाच दिशेने उतार असेल तर जमतं. टाइल मॅट आणि न घसरणारी हवी, आणि पुरेसे सांधे असल्याने पायाला पकड मिळते, हा लहान टाइलचा एक फायदाच आहे.

एवढं सगळं नको असेल तर मोठ्या चौकोनी टाइलवर छापलेली शेवरॉनही मिळते. मोरबीच्या कारखान्यांतून ती ढिगाने येते, सरळ मांडणीत बसते, डावी-उजवी भानगड नाही. ती हलक्या प्रतीची समजून नाक मुरडायचं कारण नाही. मुंबईतल्या जुन्या इमारतींतल्या रंगीत सिमेंट टाइल्समध्येही नक्षी चौकोनाच्या आतच असे. स्वदेशीच्या लाटेत १९२२ साली फेरोजशा सिधवा यांनी सुरू केलेल्या भारत फ्लोअरिंग्जच्या फरश्यांवरून आपल्यातले अनेकजण लहानपणी रांगले आहेत. फरक इतकाच की त्या फरश्यांत रंगाचा थर काही मिलिमीटर खोल ओतलेला असे. झिजला तरी नक्षी खाली शिल्लक राही. छापील टाइलवर नक्षी झिलईपुरती असते, आणि टाइलचा स्वतःचा चौकोनी सांधा बाणांना मधूनच आडवा कापत जातो. तो सांधा शक्य तितका बारीक आणि टाइलच्या रंगाचा ठेवला तर दुरून खटकत नाही. भाड्याने द्यायच्या घरात मी हीच लावेन.

एक काम मिस्त्री जायच्या दिवशी अडवायचं असतं. काम संपल्यावर फरशीवर ॲसिड ओतून घासायची सवय अनेकांना आहे. सिमेंटी ग्राउट त्याने भुसभुशीत होतं आणि सहा महिन्यांत सांधे उघडे पडतात. ग्राउटचा पांढुरका थर ओल्या स्पंजने त्याच दिवशी पुसला तर ॲसिडची गरजच पडत नाही.

आणि उरलेल्या टाइल्स परत करू नका. पाच वर्षांनी पाइप फुटला आणि जमीन उकरावी लागली तर तीच बॅच पुन्हा मिळणार नाही. आमच्या माळ्यावर एका खोक्यात सहा डाव्या आणि सहा उजव्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या आहेत, आणि खोक्यावर मार्करने बॅचचा नंबर, कॅलिबर आणि कुठली बाजू डावी मानली ते बाण काढून लिहिलं आहे.